वाड्याचं लाकूड नव्हे, भिंत सांभाळा

प्रश्न : जुन्या नाशकात आमचा वडिलोपार्जित वाडा आहे, वय शंभरच्या आसपास. खालचा मजला दगड-मातीचा, भिंती दोन फूट रुंद. वरचा मजला विटा-चुन्याचा. आत सागवानी खांब, कडीपाट, माडीवर मातीची जमीन, त्यावर शहाबादी, आणि छताला मंगलोरी कौलं. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांचे वाडे होते, त्यांतला डावीकडचा गेल्या वर्षी पाडला. मागच्या भिंतीला पोट सुटलंय. माडीवरच्या न्हाणीच्या डोक्यावर हजार लिटरची टाकी आहे. भूकंपाची बातमी आली की घरात चर्चा सुरू होते. मिस्त्री म्हणतो, सगळ्या भिंतींना सिमेंटचं प्लास्टर मारा. धाकटे दीर म्हणतात, खांब काढून आरसीसीचे कॉलम घाला. मुलाने मोबाइलवर अमेरिकेतला व्हिडिओ दाखवला, त्यात जुनं लाकडी घर पायाला बोल्टने आवळतात आणि प्लायवूड ठोकतात. आपलंही घर लाकडीच, मग तसं का नको, असं तो विचारतो. हाताशी सहा लाख आहेत. सुरुवात कुठून करू? सासूबाई माजघरात मागच्या भिंतीलगत झोपतात, आणि खोली बदलायला तयार नाहीत.
– एक वाचक, जुने नाशिक

ताई, आधी मुलाच्या प्रश्नाचं उत्तर देऊ, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

कॅलिफोर्नियातल्या जुन्या घरांची भिंतसुद्धा लाकडाचीच असते. उभ्या लाकडी पट्ट्या, त्यांवर फळ्या किंवा पातळ गिलावा. सगळं घर हलकं. ते काँक्रीटच्या पायावर बरेचदा नुसतं टेकवलेलं असतं, आणि पाया व घराची लाकडी जमीन यांच्यामध्ये दोन-तीन फुटांची ठेंगणी लाकडी भिंत असते. धक्का बसला की ही ठेंगणी भिंत आडवी होते किंवा घर पायावरून सरकतं. म्हणून तिथे बोल्ट, आणि म्हणून त्या ठेंगण्या भिंतीला प्लायवूड. तुमच्या वाड्यातलं लाकूड खांब, तुळया आणि कड्यांत, म्हणजे तुळयांवर आडव्या टाकलेल्या, माडी पेलणाऱ्या लाकडांत आहे. वजन मात्र दगड-मातीच्या भिंतींत आहे. लाकडी चौकट धक्क्यात एका चालीने डोलते, दोन फुटी भिंत दुसऱ्या. दोघांना एकत्र धरणारं काही नसलं की भिंत चौकटीला सोडून जाते.

किल्लारीला हेच झालं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चारला चार मिनिटं कमी, गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली. तिथली घरं माळवदाची होती. आत लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांची चौकट, बाहेर जाडजूड दगड-मातीच्या भिंती, वर फूट-दोन फूट मातीचा थर. कितीतरी घरांत लाकडी खण सकाळी उभेच होते आणि माणसं मात्र भिंतींच्या दगडांखाली होती. तो भाग तोवर सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये धरला जात होता. आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत नाशिक तिसऱ्या झोनमध्ये आहे, म्हणजे मध्यम धोका. पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरीकडे अधूनमधून सौम्य धक्के बसतात, आणि पलीकडे डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिकाच लागली होती. वाडा सोडून पळावं असं यात काही नाही. पण मागच्या भिंतीचं पोट बघता हे काम पुढच्या वर्षावरही ढकलू नका.

आता दिरांचा सल्ला. सागवानी खांब काढून मधे चार-सहा आरसीसी कॉलम घातले की त्यांना स्वतःचा पाया लागतो, आणि तो खणताना शेजारच्या दगडी भिंतीचा पाया उघडा पडतो. काँक्रीट ताठ, लाकूड लवचीक. धक्क्यात सगळा आडवा भार ताठ भागाकडे धावतो आणि सांधा तिथेच तुटतो. शिवाय कॉलम घालताना तुळया कापतात, म्हणजे वाड्यात जो एक भाग भूकंपाला खरोखर चांगला होता तोच आपण मोडून टाकतो. हा बेत सोडा.

मिस्त्रीचं प्लास्टर वेगळ्या कारणाने नको. मातीची आणि चुन्याची भिंत पावसात ओल पिते आणि उन्हात सोडते. तिला दोन्हीकडून सिमेंटने बंद केलं की ओल आत अडकते. दगडांमधली माती मऊ होत राहते, बाहेरून भिंत छान गुळगुळीत दिसते, आणि कडीची भिंतीत गेलेली टोकं कुजतात. जुन्या नाशकात पावसाळ्यात जे वाडे कोसळतात त्यांतल्या भिंती आधी अशाच आतून पोकळ होत गेलेल्या असतात. सिमेंट पूर्ण वर्ज्य नाही, पण ते टाके आणि पट्टे यांच्यापुरतं. त्यांचं पुढे सांगतो.

पहिलं काम वजन उतरवायचं, कारण भूकंपाचा आडवा जोर वजनाच्या प्रमाणात आणि उंचीनुसार वाढतो. तुमची टाकी भरली की एक टन पाणी घराच्या माथ्यावर, तेही एका कोपऱ्यात. टाकी चौकात किंवा परसात स्वतंत्र लोखंडी स्टँडवर घ्या, वाड्याला न टेकवता, आणि माडीवर पाणी चढवायला छोटा प्रेशर पंप बसवा. हे काम आठवड्यात होतं आणि पूर्ण यादीत याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही.

मग माडीची जमीन. दहा बाय बाराच्या खोलीत सहा इंच माती असेल तर ती अडीच टनांहून जास्त भरते, शहाबादी वेगळी. ही माती काढायची, पण एकदम नाही. एक खण (दोन तुळयांमधला भाग) सोडून एक, दोन्ही बाजूंनी सारखी, आणि मलबा गोण्यांत भरून लगेच खाली. मजूर मलब्याचा ढीग मधल्या तुळईवर घालतात आणि तुळई त्यानेच बसते, यावर उभं राहून लक्ष ठेवा. माती निघाली की कड्या आणि तक्तपोशी, म्हणजे कड्यांवरच्या फळ्या, शंभर वर्षांत पहिल्यांदा वरून दिसतील. टोच्याने प्रत्येक कडीची दोन्ही टोकं तपासा. निरोगी सागात टोचा काही मिलिमीटरच जातो. सेंटिमीटरभर सहज गेला, किंवा ठोकल्यावर आवाज बद्द आला, तर ते टोक गेलं. अशा कडीला शेजारी तेवढ्याच जाडीची नवी कडी लावून बोल्टने जोडा. पूर्ण कडी बदलायची गरज क्वचित पडते.

आणि इथे मुलाच्या व्हिडिओतलं प्लायवूड कामाला येतं, फक्त भिंतीऐवजी जमिनीवर. तक्तपोशीवर १२ मिमी मरीन प्लायची शीटं अंथरायची, सांधे एकाखाली एक येऊ न देता, विटांसारखे चुकवून. ५० मिमीचे स्क्रू, कडांना दर १५ सेंमीवर, मधे दर ३० सेंमीवर, आणि ते तक्तपोशीतून कडीत गेले पाहिजेत. दहा बाय बाराला आठ बाय चारची चार शीटं लागतात. याने माडीची जमीन एका ताठ पाटासारखी होते, म्हणजे धक्क्यात चारही भिंती एकमेकींना धरून राहतात. तिच्यावर परत शहाबादी किंवा टाइल बसवू नका, नाहीतर उतरवलेलं वजन पुन्हा चढवल्यासारखं होईल.

पण पाट ताठ झाला तरी भिंत त्याला बांधलेली नसेल तर उपयोग शून्य. जुन्या कामात कडी भिंतीत चार-सहा इंच नुसती टेकलेली असते. भिंत बाहेर गेली की कडी निसटते. म्हणून दर चार फुटांवर एक ताण. १६ मिमीची आटे पाडलेली सळई भिंतीतून आरपार, बाहेरून २०० बाय २०० मिमीचा ८ मिमी जाड पत्रा आणि नट. आतल्या टोकाला ५० बाय ६ मिमीची फ्लॅटपट्टी, ती कडीच्या अंगाला १२ मिमीच्या तीन बोल्टने. मागची भिंत चोवीस फुटी असेल तर एका मजल्याला सहा-सात ताण होतील. ज्या भिंतीला कड्या समांतर आहेत तिथे पट्टी निदान तीन कड्यांवरून आडवी न्या आणि कड्यांमध्ये ठोकळे बसवा. एकाच कडीला बांधलेली पट्टी ती कडी उपटते, हा दोष वारंवार दिसतो. सळईला झिंक प्रायमर लावा. भोक चुन्याच्या मसाल्याने बुजवा, सिमेंटने नको.

आता पोट आलेली भिंत, आणि हे सावकाश वाचा. अशी भिंत दिसते एक, असतात दोन. बाहेरचा दगडी थर, आतला दगडी थर, मधे खडी-मातीची भर. दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड घातले नसतील, किंवा थोडेच घातले असतील, तर पाणी आत शिरलं की भर खाली बसते आणि थरांना बाहेर ढकलते. तेच पोट. ओळंबा सोडून दर फुटावर अंतर मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची छोटी टिकली लावून तिच्यावरही तारीख घाला. महिन्याभरात टिकली चिरली तर भिंत अजून चालतेय, आणि मग बाकी सगळं सोडून आधी आतल्या तुळयांना टेकू द्या.

पोट फुगलेल्या जागी ठोकल्यावर पोकळ वाजत असेल तर तो भाग दुरुस्त होत नाही, उतरवून पुन्हा बांधावा लागतो. वरच्या कड्या टेकूवर घ्या, तीन ते चार फूट रुंदीची पट्टी उतरवा, तेच दगड वापरून चुन्यात बांधा. दर दोन फूट उंचीला आणि दर चार फूट लांबीला एक दगड भिंतीच्या पूर्ण जाडीचा. एवढा लांब दगड मिळत नसेल तर दोन दगड एकमेकांवर चढवून. एक पट्टी सुकल्याशिवाय शेजारची उघडू नका. एकदम दहा फूट उघडून बसलेला मिस्त्री दिसला तर काम थांबवा.

जो भाग सरळ आहे पण आरपार दगड नाहीत, तिथे काँक्रीटचे टाके घालता येतात. दर मीटरला एक, वरच्या-खालच्या ओळींत चुकवून. हातोडा न मारता एक दगड हळूच सैल करून काढायचा, पहारीने पलीकडे तीन इंचांचं भोक न्यायचं, दोन्ही तोंडांशी ते थोडं रुंद करायचं. त्यात दोन्ही टोकं वळवलेली ८ मिमीची सळई ठेवून १:२:४ चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट ठासायचं. दहा दिवस पाणी मारायचं. ड्रिल-हॅमर वापरू नका, त्याच्या थरथरीने आतली भर आणखी खाली बसते.

पाडलेल्या वाड्याच्या बाजूची, डावीकडची भिंत तुमच्या पत्रात एका वाक्यात आली, पण आम्हाला मागच्या भिंतीइतकीच तिची काळजी वाटते. ती आतली सामाईक भिंत होती. तिला कधी पाऊस माहीत नव्हता. शेजाऱ्यांच्या कड्या तिला दुसऱ्या बाजूने धरून होत्या, त्या गेल्या आणि मागे त्यांची भोकं राहिली. त्या प्रत्येक भोकातून या पावसाळ्यात पाणी आत गेलं असणार. ती भोकं विटा-चुन्याने बुजवा, भिंतीच्या माथ्यावर पत्र्याची टोपी घाला, बाहेरून चुन्याचा गिलावा करा. शेजारी नवीन इमारतीचा पाया खणणार असतील तर तुमच्या भिंतीलगत सलग चर खोदू देऊ नका, टप्प्याटप्प्याने आणि आधार देऊनच. हे त्यांच्या इंजिनिअरकडून लेखी घ्या. भिंतीचा हक्क सामाईक असेल तर त्यांची परवानगीही आत्ताच लेखी घेऊन ठेवा, पुढे कामाच्या मधोमध वाद उभा राहतो.

पट्टा म्हणजे भिंतीला बांधलेला कमरपट्टा समजा. दारं-खिडक्यांच्या वर आणि छताच्या खाली, दोन ठिकाणी, शक्य तिथे आतून आणि बाहेरून. फूटभर रुंदीत जुना गिलावा काढा, सांधे अर्धा इंच खरवडा, पाणी मारा. १:३ सिमेंट-वाळूचा १५ मिमी थर, त्यावर २५ मिमी चौकटीची वेल्डमेश जाळी, सहा इंची खिळ्यांनी दर फुटावर, आणि वर दुसरा १५ मिमी थर. जाळीचा जोड निदान फूटभर एकावर एक. कोपऱ्यावर जाळी तोडायची नाही, वळवून पुढच्या भिंतीवर न्यायची. कोपऱ्यात तोडलेला पट्टा म्हणजे बक्कल नसलेला पट्टा. मघाचे टाके सोडले तर एवढ्यापुरतंच सिमेंट. बाकी भिंत चुन्याचीच राहू दे. यापुढे वायरिंगसाठी भिंतीत आडवी खाच मारायला कुणी छिन्नी काढली तर त्यालाही थांबवा, पाइप बाहेरून जाऊ दे.

खांबांबद्दल. तळखड्यावर, म्हणजे बुडाच्या दगडावर नुसता टेकलेला खांब हा दोष नाही. थोडं डोलू शकणं हे त्याचं बळच आहे. त्याला फक्त दगडावरून सटकू द्यायचं नाही. खांबाच्या पायाशी समोरासमोर दोन ५० बाय ५० बाय ६ मिमीचे अँगल, दगडात अँकर करून, खांबात एक आरपार बोल्ट. खांबाचा बुंधा सिमेंटच्या ओट्यात गाडलेला असेल, आणि फरशी उंच करताना तसं बहुतेकांनी केलंच आहे, तर तो ओटा फोडा. आत बुंधा कुजलेला सापडला तर खांबाच्या दोन्ही बाजूंना जॅक लावून वरचं ओझं हलकं करा, एका वेळी दोन-तीन मिलिमीटर. कुजलेला भाग कापून सुक्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडा, सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या तिप्पट, चार बोल्ट. जॅक हाती आला की तुळईचा शंभर वर्षांचा झोक सरळ करायचा मोह होतो. करू नका, वरच्या भिंती तडकतात.

खांब आणि तुळईच्या सांध्यात जुनं कुसू, म्हणजे खाचेत बसवलेलं लाकडी टोक असतं. ते उभा भार घेतं, आडवा नाही. तिथे दोन्ही दिशांना तिरके हात द्या, ३ बाय ४ इंचांचा साग, तुळईखाली दोन ते अडीच फुटांवर खांबाला मिळणारा. १२ मिमीचे बोल्ट, खाली २ इंची चौकोनी वायसर, भोक बोल्टपेक्षा जेमतेम एक मिलिमीटर मोठं, आणि बोल्ट लाकडाच्या टोकापासून निदान साडेतीन इंच आत. खिळे नकोत. सुकलेला जुना साग खिळ्याने उभा फाटतो. नवं लाकूड कितीही सुकं म्हणून दिलं तरी पहिल्या उन्हाळ्यात थोडं आक्रसतं, तेव्हा जूनमध्ये सगळे नट परत आवळा.

कौलांखालचे वासे भिंतीला बाहेर ढकलतात. समोरासमोरच्या वाशांना आडवी पट्टी मारली की तो रेटा थांबतो. वर विटांची त्रिकोणी भिंत असेल तर ती काढून तिथे फळ्या किंवा पत्रा लावा. गल्लीत सर्वांत आधी तीच पडते.

सहा लाखांत हे सगळं बसणार नाही. यातले पहिले पैसे जुन्या वाड्यांची कामं केलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला द्या. आयएस १३९३५ या, दगड-विटांच्या इमारती भूकंपासाठी तपासण्याच्या आणि बळकट करण्याच्या मानकाप्रमाणे तपासणी हवी असं त्याला स्पष्ट सांगा. आम्ही दिलेली मापं साधारण वाड्याची आहेत, तुमच्या भिंतीची तो ठरवील. त्याचा लेखी अहवाल महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस आली तरी उपयोगी पडतो. या दिवाळीनंतर टाकी, डावी भिंत, मागच्या भिंतीचं पोट आणि माडीवरची माती, एवढं अक्षय्य तृतीयेपर्यंत आटपा. ताण याच हंगामात बसवा, माती काढलेलीच असते. पट्टे आणि तिरके हात पुढच्या वर्षी. पावसाळ्यात भिंतीला हात लावायचा नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांना खोली बदलायला सांगू नका. कॉट तेवढी मागच्या भिंतीपासून काढून माजघरातच मधल्या दोन खांबांच्या ओळीत, तुळईखाली घ्या. देव्हारा तिथून दिसतो का ते आधी बघा. दिसत असेल तर त्या हलतील. फडताळाला भिंतीकडून दोन अँगल मारा, आणि कॉटच्या डोक्यावरच्या फळीवरची पितळेची भांडी आजच खाली उतरवा.